मीटरला क्षार कळतो, खत कळत नाही

नांदगाव पेठहून अमरावती ओलांडून भातकुली-दर्यापूरकडे निघालं की विहिरीच्या पाण्याची चव बदलते. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. मातीविना शेती करणाऱ्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच उघडा पडतो: ‘ईसी (विद्युतवाहकता) मीटर म्हणजे पाण्यात खत किती ते दाखवणारं यंत्र.’

मीटर मोजतं ते एवढंच, की पाण्यातून वीज किती सहज वाहते. ती नायट्रेट-पोटॅशमुळे वाहते की बोअरच्या मिठामुळे, हे त्याला ओळखू येत नाही. समजा, बोअरच्या पाण्याचाच ईसी १.५ आहे आणि लेट्यूससाठी खत सोडणाऱ्या यंत्राला १.६ आकडा दिलाय. यंत्र चिमूटभर खत सोडून थांबेल. पडद्यावर सगळं ठीक, रोपं उपाशी! पुढे तर आणखी बिघडतं. मुळं नत्र-पालाश उचलतात, सोडियम टाकीतच राहतो. वरून तेच खारं पाणी भरलं की मीठ साचत जातं आणि आकडा मात्र हलत नाही. म्हणून छपराचं पावसाचं पाणी साठवा किंवा आरओ लावा, आणि टाकी ठरावीक दिवसांनी रिकामी करा. आरओचं टाकाऊ पाणी काळ्या जमिनीत सोडू नका; तिथे आधीच क्षार कमी नाहीत.

‘सेन्सर बसवला, आता बघायला नको,’ हा दुसरा भ्रम. पीएचचा सेन्सर म्हणजे काचेचा नाजूक फुगा. तो वाळला की बिघडतो, आणि नीट ठेवला तरी हळूहळू चुकीचं सांगू लागतो. ४ आणि ७ पीएचच्या द्रावणात तो नियमित तपासावा लागतो. नाहीतर खोट्या आकड्यावर विसंबून पंप आज्ञाधारकपणे आम्ल ओतत राहतो. उलट पीएच ६.५ च्या बराच वर गेला तर लोह रोपाला मिळत नाही, नवी पानं पिवळी पडतात. चुनखडीच्या जमिनीतला संत्रा पाहिलेल्याला हे नवं नाही.

मुळांना लागणारा प्राणवायू तर हे दोन्ही सेन्सर मोजतच नाहीत. २० अंशांच्या पाण्यात तो लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३५ अंशांना जेमतेम ७. मे महिन्यात टाकीवर सावली हवीच. आणि लाइन गेली तर पंपाला इन्व्हर्टर.

मक्याच्या चाऱ्याचे ट्रे असतील तर मात्र खत आणि सेन्सरचा हा खर्च करूच नका. आठवड्याभरात काढायचा तो चारा दाण्यातल्या साठ्यावरच वाढतो. त्याला पाणी पुरतं, आणि बुरशी येणार नाही एवढी स्वच्छता.