विश्लेषण : उपग्रहाला शेतातले पीक ‘कळते’ ते कसे?

पंतप्रधान पीक विमा योजनेत केंद्राने २०२३च्या खरिपापासून भात आणि गव्हाच्या उत्पादन-अंदाजात उपग्रहाधारित तंत्राला किमान ३० टक्के भारांकन दिले. २०२४च्या खरिपात सोयाबीनही त्यात आले. म्हणजे भरपाईचा हिशेब काही अंशी शेकडो किलोमीटर उंचीवरून टिपलेल्या प्रकाशावर ठरू लागला.

उपग्रह नेमके काय मोजतो?

पीक नव्हे, प्रकाश. हिरवे पान लाल प्रकाश बहुतांश शोषून घेते आणि निकट-अवरक्त प्रकाश जवळपास निम्मा परत फेकते. या तफावतीवरून ‘एनडीव्हीआय’ हा हिरवेपणाचा निर्देशांक काढतात. अडचण अशी, की पीक दाट झाले की हा आकडा अडकतो. पाने वाढत राहतात, आकडा फारसा हलत नाही. शिवाय काळी माती पावसाने भिजली किंवा सूर्य कलून सावल्या लांबल्या, की तेच शेत वेगळे दिसते.

मग संगणकात शेत कशाला उभारायचे?

फ्रान्समध्ये तुलूझच्या ‘सेस्बिओ’ प्रयोगशाळेत १९९२पासून विकसित होत असलेले ‘डार्ट’ हे मॉडेल नेमके हेच करते. झाडे, पिकाच्या ओळी, घरे, चढउतार, वर वातावरण असा त्रिमितीय देखावा संगणकात रचायचा, त्यावर सूर्यप्रकाश सोडायचा आणि तो कुठे शोषला जातो, कुठे विखुरतो, याचा माग काढायचा. शेवटी मिळते उपग्रहाला दिसले असते तसे चित्र. फरक एवढाच, की इथे पानांचे क्षेत्रफळ, हरितद्रव्य, मातीचा ओलावा सगळे आधीच ठाऊक असते. अशी हजारो चित्रे तयार करून खऱ्या चित्राशी कोणते जुळते ते पाहायचे आणि त्यावरून शेताची स्थिती ओळखायची.

यात गफलत होऊ शकते?

होते. विरळ पण गडद पानांचे पीक आणि दाट पण फिकट पानांचे पीक काही तरंगलांबींत सारखेच दिसू शकते. एका चित्राला दोन उत्तरे! म्हणून जास्त तरंगपट्टे, वेगवेगळ्या तारखांची चित्रे आणि पेरणीची माहिती जोडावी लागते. मॉडेलेही एकमेकांशी ताडून पाहतात. युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राचा ‘रामी’ उपक्रम १९९९पासून त्यासाठीच आहे.

तरीही प्रकाशावरून कळतात ती पाने. शेंगांत दाणा किती भरला, हे उपग्रहाला थेट दिसत नाही. त्यासाठी शिवारात जाऊन पीक कापणी प्रयोगच करावे लागतात.