परगांवीं जातांना घरांतील बॅटऱ्या

मे महिना किंवा दिवाळीची सुटी आली कीं शहरांतलीं बरींच घरें महिना-पंधरा दिवस बंद राहतात. निघतांना दूधवाल्यास निरोप जातो, गॅसची तोटी पाहिली जाते, कुलूप दोनदां ओढून पाहिलें जातें. परंतु मागें राहिलेला लॅपटॉप, कॅमेरा, जुना मोबाइल यांच्या पोटांतील बॅटरीकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. वस्तु वापरांत नाहीं म्हणजे ती झिजत नाहीं, अशी आपली समजूत असते. बॅटरीच्या बाबतींत ती खरी नाहीं.

श्रोतेहो, या उपकरणांत बहुधा लिथियम-आयन जातीचा घट असतो. तो १९९१ सालीं बाजारांत आला, आणि त्यामागील संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांस २०१९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. असा घट पूर्ण भरला म्हणजे त्याचा दाब सुमारें ४.२ व्होल्ट होतो. इतक्या दाबांत आंतील द्रव्यें हळूहळू खराब होत राहतात, आणि उष्णतेनें ही क्रिया वाढते. म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी आणि उन्हानें तापलेली बंद खोली हा योग वाईट. उलट, बॅटरी अगदीं रिकामी ठेवली तर ती आपोआप आणखी उतरते. दाब फारच उतरला कीं आंतील तांब्याचा पातळ पत्रा विरघळूं लागतो. अशी बॅटरी पुढें चार्ज करणें धोक्याचें ठरतें.

यावर उपाय सोपा आहे. बॅटरी सुमारें निम्मी भरावी, उपकरण पूर्ण बंद करावें, चार्जर भिंतीपासून काढावा, आणि तें कोरड्या, थंड कपाटांत ठेवावें. पश्चिमेची खिडकी किंवा उभी मोटार ही त्याची जागा नव्हे. शीतकपाटहि नव्हे, कारण बाहेर काढतांच त्यावर दंव धरतें. मुक्काम लांबला तर सहा महिन्यांनीं पुन्हां निम्मी भरावी.

इन्व्हर्टरच्या शिशाच्या बॅटरीस मात्र नेमका उलट नियम लागूं आहे. ती अर्धवट राहिली तर पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात व तिची शक्ति कायमची घटते. म्हणून ती पूर्ण भरून, उघडीं झांकणें असल्यास शुद्ध पाण्याची पातळी पाहून, मगच निघावें. घराची मुख्य कळ बंद केली तर इन्व्हर्टरहि बंद करण्यास विसरूं नये; एरव्हीं वीज गेली असें समजून तो पंखे-दिवे चालवीत राहील व बॅटरी रिकामी करील.

विमानानें जाणाऱ्यांनीं पॉवर बँक व सुट्या बॅटऱ्या हातसामानांतच ठेवाव्या. मोठ्या पेटींत टाकण्यास मनाई आहे. सामान्य मर्यादा १०० वॅट-तासांची आहे. २०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक ३.७ व्होल्टनें गुणिली असतां ७४ वॅट-तासांची भरते.

परत आल्यावर एखादें उपकरण फुगलेलें दिसलें तर तें चार्ज करूं नये, दाबूं नये, टोंचूं नये. आंतील द्रव पेट घेणारा असतो. तें ज्वालाग्राही वस्तूंपासून दूर ठेवून ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे द्यावें. केराच्या टोपलींत टाकल्यास ती आग दुसऱ्याच्या हातीं दिल्यासारखें होईल.