वाफसा आलाय का?

नांदेड जिल्ह्यातल्या हदगावहून तामशाकडे जाताना रस्त्याकडेचं एक वाळलेलं रोप मी एकदा सहज म्हणून उपटून पाहिलं. जोर लावावाच लागला नाही. मुळांभोवती रोपवाटिकेची काळी पिशवी जशीच्या तशी होती आणि आत मुळं गोल गोल फिरून एकमेकांत गुरफटलेली होती. खड्डा मात्र नमुनेदार होता, चौकोनी आणि पुरेसा खोल. खड्ड्याचं माप लावणाऱ्यापर्यंत पोचलं होतं, पिशवी ब्लेडनं चिरून काढायची हे पोचलं नव्हतं.

आपल्या भागाला झाडं लावायला कसं शिकवलं गेलं, याचा मागोवा घेताना ती पिशवी पुन्हा पुन्हा आठवते.

सुरुवात 1950 ची. केंद्रात कृषिमंत्री असलेल्या कन्हैयालाल मुन्शींनी वनमहोत्सव सुरू केला. जुलैचा पहिला आठवडा झाडांचा ठरला तो आजतागायत. त्या काळाच्या हिशेबानं ते बरोबरही होतं. मृग निघाला, आर्द्रा बरसल्या, की जुलैपर्यंत जमीन पोटभर भिजलेली असायची. तारीख आणि ओल तेव्हा हातात हात घालून चालत होत्या.

मग 1972 चा दुष्काळ आला. रोजगार हमीच्या कामांवर माणसं चर खणायला, बांध घालायला शिकली. त्याच वर्षी परभणीला कृषी विद्यापीठ उभं राहिलं. 1982 मध्ये सामाजिक वनीकरणाचं स्वतंत्र खातं झालं आणि रोपवाटिका गावाजवळ आल्या. सुबाभूळ, निलगिरी ही नावं शाळकरी पोरांच्याही तोंडी बसली. धडा सोपा होता: लवकर वाढेल ते लावा, सरपण मिळेल, चारा मिळेल. हळद शिजवायला कढईखाली लाकूड लागणाऱ्या आमच्या भागाला तो पटलाही. पण झाड निवडायचं ते वाढीच्या वेगावर, तहान किती आहे यावर नव्हे, ही सवय तिथूनच लागली.

खरं कौशल्य वनखात्यात नव्हतं असं नाही. किनवटकडच्या जंगलाची ओळख सागाची, आणि सागजडी करणं ही नजरेची, हाताची कला. वर्षभराचं, अंगठ्याएवढं जाड रोप उपटायचं, बारीक मुळ्या छाटायच्या, वीतभर सोटमूळ ठेवायचं आणि खोड दोन-तीन सेंटिमीटर राखून वरचं सगळं उडवायचं. हा बोडका तुकडा चांगल्या पावसानंतर पहारीनं पाडलेल्या भोकात बसवायचा आणि माती टाचेनं घट्ट दाबायची. मुळात साठलेल्या अन्नावर तो तग धरतो आणि फुटतो. फुटल्यावर मात्र त्याला पाऊस लागतो. कोवळी पानं आली आणि पावसानं पंधरा दिवस दडी मारली, तर साठा संपलेला असतो आणि हातात उरते ती वाळकी काडी.

ही विद्या राहिली खाकी कपड्यांत. वनरक्षकांसाठी जालना, चिखलदऱ्यासारखी प्रशिक्षण विद्यालयं आहेत, वरच्या हुद्द्यांसाठी चंद्रपूरची वन अकादमी आणि सांगली जिल्ह्यातलं कुंडल. वनशास्त्राची पदवी घ्यायची तर दापोली किंवा अकोला गाठायचं. गावाच्या वाट्याला आला तो फलक, रोपांचा टेम्पो आणि फोटो.

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. ज्या जिल्ह्यात जंगल एक टक्क्याच्याही आत, तिथं ती आली हे विसरण्यासारखं नव्हतं. त्याच वर्षी 1 जुलैला राज्यानं एका दिवसात 2 कोटी झाडं लावायचा संकल्प सोडला. पुढच्या तीन वर्षांची उद्दिष्टं 4, 13 आणि 33 कोटी. हरित सेनेत नावनोंदणी झाली, 1926 ही हेल्पलाइन आली. लोक मनापासून उतरले, हे मान्यच करायला हवं. पण 2019 आठवून पाहा. 33 कोटींची मोहीम 1 जुलैला सुरू झाली आणि मराठवाड्यात पावसानं पाठ फिरवली. ऑगस्टमध्ये इथल्याच आभाळात विमानं पाठवून कृत्रिम पावसाचे प्रयोग करावे लागले. खाली त्याच महिन्यांत रोपं खड्ड्यांत जात होती. जगली किती, हा वाद पुढे विधिमंडळाच्या समितीपर्यंत गेला.

तारीख आणि ओल यांची ताटातूट झाली होती. पाऊस मोठा खंड देतो आणि मग एकदम कोसळतो. 1 आणि 2 सप्टेंबर 2024 च्या अतिवृष्टीनं नांदेड-हिंगोलीला हे कोसळणं दाखवलं. कयाधू-पैनगंगेकाठच्या काळ्या जमिनीत तेव्हा पाणी तुंबतं, आणि हीच जमीन उन्हाळ्यात भेगाळून मुळं तोडते. तिथं बाभूळ, करंज तग धरतात. मुरमाड माळाला सीताफळ, खैर हवा. कडुनिंबाची निंबोळी दोन-तीन आठवड्यांत उगवणशक्ती गमावते, म्हणून पडली की लगेच पेरायची, पुढच्या वर्षासाठी डब्यात ठेवायची नाही. हवामानाला टिकणारं वन म्हणतात त्याचा अभ्यासक्रम इतका साधा, इतका गावठी असू शकतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं 2013 मध्ये वनव्यवस्थापकांसाठी हवामानबदलाची मार्गदर्शिका काढली. तिचाही गाभा हाच: आपल्या जागेचा धोका आधी ओळखा, मग काम ठरवा. पण हदगावच्या माणसाच्या हाती ते पुस्तक कोण देणार, आणि कोणत्या भाषेत?

शिकवण्याची बरी रीत शेवटी शेतीकडूनच आली. 2018 पासून पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, नांदेड, लातूरसह पंधरा जिल्ह्यांत आला आणि त्यासोबत शेतीशाळा आल्या. वर्ग शिवारातच भरायचा, फळा म्हणजे एखाद्याचा प्लॉट, आणि शाळा हंगामभर चालायची. त्यात वनशेतीलाही जागा होती, पण मुख्य धडे सोयाबीन, हरभऱ्याचे. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हे कृषी विभाग दरसाल बजावतो आणि शेतकरी ऐकतो, कारण दुबार पेरणीचा खर्च त्याच्या खिशातून जातो. झाडाच्या दुबार लागवडीचा खर्च कुणाच्याच खिशातून जात नाही. म्हणून नांग्या भरायच्या कधी, तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत आळ्यात आच्छादन कुणी टाकायचं, याची शाळा कुठं भरत नाही.

पेरणीआधी आमच्याकडचा माणूस मूठभर माती उचलून दाबून बघतो. हाताला चिकटली तर थांबतो, नुसता भुगा झाला तरी थांबतो. वाफसा आला, की मगच तिफण बाहेर काढतो. ही मूठ त्याला कुठल्या प्रशिक्षणात शिकवावी लागलेली नाही. वृक्षारोपणाच्या कार्यक्रमपत्रिकेत दीपप्रज्वलन आणि मनोगत यांच्या मध्ये ती कुठं बसवायची, एवढंच पाऊणशे वर्षांत ठरलेलं नाही.