पिनबॉल आणि हातचा एक

आपल्यापैकी ज्यांचं लहानपण चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी गेलं, त्यांना बॅगाटेल आठवत असेल. एक उतरती लाकडी फळी, तिच्यावर ठोकलेल्या बारीक खिळ्यांची गोल कुंपणं आणि उजव्या हाताला स्प्रिंगचा दांडा. दांडा ओढून सोडला की गोळी वर जायची, कमानीवरून वळायची आणि खिळ्यांवर आपटत खाली यायची. मोठ्या आकड्याच्या घरात थांबली तर आनंद, नाहीतर तळाच्या खोबणीत गडप. ज्यांचं लहानपण त्यानंतरचं, त्यांनी याच खेळाचा पुढचा अवतार विंडोज एक्सपीच्या कॉम्प्युटरवर, साहेबांची नजर चुकवून, खेळलेला असेल. त्याचं नाव पिनबॉल. या पिनबॉलची खरी, लाकूड-लोखंडाची मशीन्स अमेरिकेत लोक आता आपल्या घरात आणून ठेवू लागले आहेत. कुणाकडे एक, कुणाकडे पाच, कुणाकडे तर तळघर भरून. ही आवड का वाढते आहे, याविषयी आज थोडं बोलणार आहे.

माझा या विषयाशी संबंध आला तो योगायोगाने. माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, तंत्रज्ञ म्हणून झाली. निवृत्तीनंतर मुलीकडे शिकागोजवळच्या एका उपनगरात काही महिने राहायला गेलो होतो. बाहेर बर्फ, घरात टीव्ही, माणूस कंटाळणारच. एक दिवस शेजारचे गृहस्थ आले. माझ्याच वयाचे. म्हणाले, "तुमची मुलगी सांगत होती, तुम्ही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम केलंय. मग माझ्या बेसमेंटमध्ये येऊन एक गोष्ट बघाल का?" मी नातीला बरोबर घेऊन गेलो.

तळघरात भिंतीला लागून पाच पिनबॉल मशीन्स उभी होती. चार पायांची उतरती पेटी, वर काच, आत रंगीत पट आणि पलीकडच्या टोकाला चित्र काढलेल्या काचेचा उभा खोका. लांबी साडेचार फुटांच्या पुढे, रुंदी सव्वादोन फुटांच्या आसपास, वजन शंभर किलोच्या वर. त्यातलं सगळ्यात जुनं मशीन १९६०च्या दशकातलं होतं आणि ते गुण मोजायला चुकत होतं. ते का, हे सांगण्याआधी या मशीनची थोडी कुळकथा सांगतो.

याचा पूर्वज आपलं बॅगाटेलच. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये तो बिलियर्डसारखा, काठीने चेंडू ढकलून खेळायचा खेळ होता. १८७१ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी त्यातल्या सुधारणांचं पेटंट घेतलं आणि काठीच्या जागी स्प्रिंगचा दांडा आला. १९३१ साली शिकागोच्या डेव्हिड गॉटलिब यांनी 'बॅफल बॉल' नावाचा, दुकानाच्या काउंटरवर मावणारा खेळ साडेसतरा डॉलरला विकायला काढला. ते दिवस महामंदीचे. हाताला काम नाही, खिशात फार तर एखादं नाणं. एका सेंटमध्ये पाच-सात गोळ्या खेळायला मिळत, म्हणून लोक तुटून पडले. दुकानदाराची किंमत लवकर वसूल होई. पुढच्याच वर्षी रेमंड मोलोनी यांनी 'बॅलीहू' हा खेळ आणला. त्याच नावावरून त्यांच्या कंपनीला 'बॅली' हे नाव मिळालं. मग वीज आली, दिवे आले, घंटा आल्या. लोक मशीन हलवून गोळी वळवू लागले, तेव्हा हॅरी विल्यम्स यांनी 'टिल्ट'ची युक्ती बसवली. ही युक्ती म्हणजे पुढे गवंड्याचा ओळंबाच झाला! पेटीच्या आत धातूच्या कड्यामध्ये ओळंबा लोंबत असतो. मशीनला जोराचा हिसका दिला की तो कड्याला टेकतो, सर्किट पूर्ण होतं आणि चालू गोळी बाद.

गंमत अशी, की आज सभ्य माणसाच्या घरात मानाने उभं असलेलं हे मशीन एके काळी बेकायदा होतं. गोळी सुटली की पुढचं सगळं नशिबावर, आणि जिंकलं की कुठे बक्षीस, कुठे रोकड. मग हा जुगार नाही तर काय, असा आक्षेप होता. १९४२ साली न्यूयॉर्कमध्ये महापौर ला गार्डिया यांच्या कारकिर्दीत पिनबॉलवर बंदी आली. जप्त केलेली मशीन्स फोडताना महापौरांनी स्वतः घण हातात घेतला, त्याची छायाचित्रं आहेत. १९४७ साली गॉटलिब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी' मशीनवर पहिल्यांदा 'फ्लिपर' आले. बाजूचं बटण दाबलं की झटक्यात उचलून गोळीला परत वर मारणारे ते छोटे हात. त्यांनी खेळाचा स्वभावच बदलला. आता गोळी वाचवणं खेळाडूच्या हातात आलं. तरी न्यूयॉर्कची बंदी उठायला १९७६ साल उजाडलं. त्या वेळी रॉजर शार्प या तरुण लेखकाने नगरसेवकांसमोर मशीनवर खेळून दाखवलं. दांडा ओढण्याआधी त्याने गोळी कोणत्या वाटेने जाईल ते सांगितलं आणि ती तिथूनच गेली. हा नशिबाचा नाही, कौशल्याचा खेळ आहे, हे त्या एका गोळीने पटवलं.

पण सुख फार टिकलं नाही. १९७८ साली 'स्पेस इन्व्हेडर्स' आणि १९८० साली 'पॅक-मॅन' आला. व्हिडिओ गेमला जागा कमी, दुरुस्ती कमी आणि मुलांची गर्दी जास्त. मध्येच १९९२ साली 'द ॲडम्स फॅमिली' या मशीनचे वीस हजारांहून अधिक नग खपले, पण ती विझत्या दिव्याची मोठी ज्योत होती. १९९९ साली विल्यम्स या बड्या कंपनीने पिनबॉलचं उत्पादन बंद केलं. त्यानंतर कित्येक वर्षं शिकागोजवळची स्टर्न ही एकच मोठी कंपनी ही मशीन्स बनवत राहिली.

इथेच घरच्या संग्रहाची गोष्ट सुरू होते. दुकानांतून आणि खेळघरांतून मशीन्स निघाली, ती स्वस्तात विकली गेली. ती कुणी घेतली? ज्यांच्या खिशात लहानपणी दुसऱ्या खेळापुरतं नाणं नव्हतं, त्यांनी! शेजारी मला म्हणाले, "मी दहा वर्षांचा असताना लोकांच्या पाठीमागे उभा राहून नुसता बघायचो. आता नाणं लागत नाही." घरच्या मशीनला फुकट खेळायची सोय करून घेता येते.

नुसत्या आठवणींवर मात्र एवढी आवड वाढत नाही. दुसरं कारण म्हणजे ती खरी गोळी. अंदाजे ८० ग्रॅम वजनाचा पोलादी गोळा काचेखाली धावतो, रबरावर आपटतो, तुमच्या तळहाताला धक्का जाणवतो. कॉम्प्युटरच्या पडद्यावर हे मिळत नाही. तिसरं कारण, नव्या कंपन्या. २०११ साली जर्सी जॅक नावाची कंपनी निघाली, मग आणखी काही आल्या. २०२०च्या कोविडच्या काळात घरात अडकलेल्या लोकांनी करमणूकही घरातच आणली, आणि मागणी आणखी वाढली. आज नव्या मशीन्सचा मोठा भाग थेट घरांत जातो. किंमत? चांगल्या नव्या मशीनची सुरुवातच सात हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे सहा लाख रुपयांच्या घरात. म्हणून बरेच जण जुनं, बिघडलेलं मशीन घेतात आणि दुरुस्त करतात.

हे चौथं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, आणि आता मी त्या हिशेब चुकणाऱ्या मशीनकडे येतो. शेजाऱ्यांनी प्लग काढला, काच सरकवली आणि पट उचलून मागे टेकवला. आत डोकावलो आणि क्षणभर बोलूच शकलो नाही. रिले! पत्र्याच्या पट्ट्यांचे संपर्क, वेटोळी, दातेरी चाकावर एकेक घर पुढे सरकणारे स्टेपर, कापडी वेष्टणाच्या तारांचे जुडगे. हे तर माझं एक्स्चेंज होतं.

हे साम्य उगीच नाही. ज्या स्ट्रोजर पद्धतीच्या एक्स्चेंजमध्ये मी उमेदवारी केली, तिचं पेटंट अमेरिकेच्या आल्मन स्ट्रोजर यांनी १८९१ साली घेतलं, आणि ती यंत्रणा बनवणारी ऑटोमॅटिक इलेक्ट्रिक ही कंपनी शिकागोचीच. एकाच शहरात टेलिफोनचे नंबर मोजणारी यंत्रं बनत होती आणि गोळीचे गुण मोजणारीही. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात पिनबॉलमध्ये मायक्रोप्रोसेसर आला. तोपर्यंत सगळी बेरीज हे रिले आणि ही चाकंच करत होती.

ती बेरीज कशी होते पाहा. एककाचं, दशकाचं, शतकाचं अशी अंकांची वेगवेगळी चाकं असतात. गोळी कुठे आपटली की विजेचा एक ठोका जातो आणि चाक एक घर फिरतं. चाक नऊवर आलं की त्याच्या मागचा एक संपर्क मिटतो. आता पुढचा ठोका आला की हे चाक शून्यावर जातं आणि त्याच वेळी ठोका शेजारच्या चाकालाही मिळतो. म्हणजे काय, तर शाळेत आपण शिकलो तेच : हातचा एक! शेजाऱ्यांच्या मशीनमध्ये नव्वदनंतर शंभर न होता शून्य होत होतं. मी म्हटलं, "याचा हातचा हरवलाय. दशकाच्या चाकामागचा नऊचा संपर्क बघू या." तिथे काळपट थर बसला होता. मी जाड कार्डाचा तुकडा मागितला. ते हसले आणि त्यांनी खिशातून व्हिजिटिंग कार्ड काढलं. त्यांचीही तीच युक्ती होती. दोन पट्ट्यांमध्ये कार्ड धरून हलकेच ओढलं, पट्टी किंचित वाकवली, प्लग लावला. नातीने दांडा ओढला. ऐंशी, नव्वद, आणि खट्ट! शंभर. ती ओरडली, "आजोबा, हातचा आला!"

घरी परतताना मात्र मन थोडं जड होतं. १९९०च्या दशकात आमचं एक्स्चेंज इलेक्ट्रॉनिक झालं. ते व्हायलाच हवं होतं; फोनसाठी लोक वर्षानुवर्षं थांबत होते. पण जुने रॅक वजनावर भंगारात गेले, आणि त्या भंगाराच्या यादीवर माझीही सही आहे. एक चालता रॅक कुठे तरी उभा ठेवावा, असं तेव्हा मला सुचलं नाही. रात्रपाळीत डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून कोणता सिलेक्टर अडकला ते आम्ही ओळखायचो. ते ज्ञान कुठल्या पुस्तकात नव्हतं, आणि आता ते माझ्याबरोबरच जाणार आहे.

पिनबॉल जमवणाऱ्यांनी ते होऊ दिलेलं नाही. पूर्वी मशीनच्या मालकाचा कारागीर आठवड्याला येऊन ते दुरुस्त करायचा. मशीन घरी आलं तसा तो कारागीर नाहीसा झाला, आणि त्याची जागा घरमालकानेच घ्यावी लागली. रबरी कडी, वेटोळी, अंकांच्या चाकांचे भाग आजही नव्याने बनतात. लोक सर्किटचे नकाशे वाचायला शिकतात आणि एकमेकांना शिकवतात. मशीन घेताना काय बघायचं, हेही आता ठरून गेलं आहे. इलेक्ट्रॉनिक मशीनच्या बोर्डावरच्या बॅटऱ्या गळून तांबं खाल्लं गेलंय का? मागच्या काचेवरच्या चित्राचा रंग दिव्यांच्या उष्णतेने सुटलाय का? तळघराच्या जिन्यावरून ते उतरेल का? आणि सगळ्यांत मोठा नियम : मशीन नुसतं उभं ठेवायचं नाही. न वापरलेल्या संपर्कांवर थर बसतो, रबर कडक होतं. खेळलं गेलं तरच ते टिकतं. कॅलिफोर्नियातल्या अलमेडामध्ये पिनबॉलचं संग्रहालय आहे, लास व्हेगासमध्येही मोठं दालन आहे. तिथली मशीन्स बघण्यासाठी नाहीत, खेळण्यासाठी आहेत.

या छंदाची वाईट बाजूही आहे. किमती वाढल्या, तसे काही जण नफ्यासाठी मशीन्स घेऊन ठेवतात. घरात गेलेलं मशीन रस्त्यावरच्या मुलाला दिसत नाही. माझे शेजारी दहा वर्षांचे असताना लोकांच्या पाठीमागे उभे राहिले, तसा आजचा मुलगा कुठे उभा राहणार? मी हे विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "म्हणून तर शनिवारी गल्लीतल्या पोरांना बोलावतो."

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला परत खाली नेलं. पेटीच्या आतल्या लाकडावर पेन्सिलीने लिहिलेल्या काही ओळी दाखवल्या. कुणा जुन्या कारागिराने दुरुस्तीच्या तारखा टिपून ठेवल्या होत्या : अमुक दिवशी वेटोळं बदललं, अमुक दिवशी फ्यूज. त्याचं नाव कुठेच नव्हतं. शेजाऱ्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली. मी तारीख घातली आणि खाली मराठीत लिहिलं, "हातचा दुरुस्त केला." नातीने विचारलं, "आजोबा, पण हे इथे वाचणार कोण?" मी म्हटलं, "पुढच्या वेळी जो पट उचलेल तो. मराठी येत नसलं, तरी कुणी तरी येऊन गेलंय एवढं त्याला कळेल."