श्रद्धा आणि गृहीतक : ईश्वराच्या वादातले पाच गैरसमज

√2 ही अपरिमेय संख्या आहे, हे शाळेत सिद्ध करताना पहिली ओळ लिहितात : ‘समजा, √2 ही परिमेय संख्या आहे.’ ती लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचा तिच्यावर विश्वास नसतो. पुढे विसंगती निघते आणि ‘समजा’ टाकून दिलं जातं. देवासमोर हात जोडून उभ्या असलेल्या माणसानं मात्र मनाशी ‘समजा’ म्हटलेलं नसतं. तरीही ईश्वराच्या अस्तित्वाचा वाद रंगला की एक जण म्हणतो, ‘तुमची श्रद्धा म्हणजे नुसतं गृहीतक.’ दुसरा उत्तर देतो, ‘तुमचा तर्कही गृहीतकांवरच उभा आहे.’ इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. भारतीय तर्कपरंपरेनं त्या फार पूर्वीच वेगळ्या केल्या आहेत. तिच्या आधारानं हे गैरसमज तपासू.

गैरसमज 1 : श्रद्धा म्हणजे गृहीतकच.

वस्तुस्थिती : मराठीची क्रियापदंच फरक सांगतात. गृहीत आपण ‘धरतो’. श्रद्धा ‘बसते’, ‘जडते’, कधी ‘ढळते’. गृहीतक हे हेतुपुरस्सर उचललेलं पाऊल आहे, तर श्रद्धा ही माणसाची जगण्यातली बांधिलकी आहे.

या तर्कपरंपरेतल्या न्यायदर्शनाचा मूळ ग्रंथ म्हणजे न्यायसूत्रं. त्यांनी सिद्धान्ताचे चार प्रकार सांगितले. सर्वांना मान्य तो सर्वतंत्र, आपल्याच संप्रदायाला मान्य तो प्रतितंत्र, एक सिद्ध झाला की दुसरे ओघानं सिद्ध होतात तो अधिकरण, आणि तपासणी न करता वादापुरता मान्य केलेला तो अभ्युपगम. भाष्यकार वात्स्यायन अभ्युपगमाचं उदाहरण देतात : शब्द हे द्रव्य आहे असं घटकाभर मानू आणि ते नित्य की अनित्य एवढंच पाहू. हेच आपलं ‘समजा’. भक्ताचं ‘ईश्वर आहे’ हे वादापुरतं नसतं. ते प्रतितंत्राच्या जवळचं आहे.

गैरसमज 2 : मनापासून मानलं की पुरावा द्यावा लागत नाही.

वस्तुस्थिती : जगताना लागत नाही, वादात लागतो. जे फक्त आपल्या पक्षाला मान्य आहे, ते समोरच्यावर कारण म्हणून लादता येत नाही. ‘ग्रंथ खरा, कारण तो ईश्वराचा, ईश्वर खरा, कारण ग्रंथ तसं सांगतो’ हा युक्तिवाद तर अन्योन्याश्रय दोषात सापडतो. दोन्ही विधानं एकमेकांच्या खांद्यावर उभी, जमिनीवर कोणीच नाही.

मिथिलेच्या उदयनाचार्यांनी सुमारे 1,000 वर्षांपूर्वी ‘न्यायकुसुमांजली’ हा ग्रंथ ईश्वरसिद्धीसाठीच लिहिला. त्याचे पाच स्तबक, म्हणजे प्रकरणं, ईश्वराविरुद्धच्या पाच आक्षेपांना उत्तर देतात. ‘माझी श्रद्धा आहे’ एवढ्यावर ते थांबत नाहीत. घडा हे कार्य आहे आणि त्याला कर्ता आहे; पृथ्वीही कार्य आहे, म्हणून तिलाही कर्ता हवा, असं ते अनुमान मांडतात. या धर्तीच्या अनुमानाला बौद्ध तार्किक धर्मकीर्तींनी त्यांच्याही काही शतकं आधी हरकत घेतली होती : मातीचा घडा कुंभार घडवतो म्हणून मातीचं वारूळही कुंभारानंच केलं म्हणायचं का? अनुमान पटो न पटो, ते तपासता येतं. वादाला एवढं तरी लागतंच.

गैरसमज 3 : आस्तिक म्हणजे देव मानणारा.

वस्तुस्थिती : आज आपण तो शब्द तसाच वापरतो. दर्शनांच्या परंपरेत मात्र वेदप्रामाण्य मानणारा तो आस्तिक. मनुस्मृतीही वेदाची निंदा करणाऱ्याला नास्तिक म्हणते. सातव्या शतकातले मीमांसक कुमारिल भट्ट वेदांचे कट्टर समर्थक होते, तरी सृष्टिकर्ता ईश्वर त्यांनी नाकारला. शरीर नसलेल्यानं जग कसं निर्माण केलं, कोणत्या हेतूनं केलं, आणि ते होताना पाहिलं कोणी, असे थेट प्रश्न त्यांनी विचारले. धर्मश्रद्धा आणि ‘ईश्वर आहे’ हे विधान एकच नव्हे, याचा याहून ठळक दाखला कुठला?

गैरसमज 4 : नाकारणारा काहीच गृहीत धरत नाही.

वस्तुस्थिती : ‘दिसत नाही, म्हणून नाही’ या वाक्यामागे एक तत्त्व दडलेलं आहे : जे असेल ते दिसलंच पाहिजे. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, इथे योग्यानुपलब्धीची अट घालतात. उजेडात टेबलावर घडा दिसला नाही तर घडा नाही हे ठरतं, कारण असता तर दिसला असता. जी वस्तू स्वभावतःच डोळ्यांना दिसणारी नाही, तिचा अभाव केवळ न दिसण्यानं ठरत नाही. पण यातून ईश्वर सिद्धही होत नाही. ‘आहे’ म्हणणाऱ्याची कारण देण्याची जबाबदारी तशीच राहते.

गैरसमज 5 : वादात उतरणारा श्रद्धेशी प्रतारणा करतो.

वस्तुस्थिती : उदयनाचार्य ग्रंथाच्या आरंभीच सांगतात की ईश्वराविषयीची ही तर्कचर्चा म्हणजे श्रवणानंतर येणारं मनन, म्हणून ती उपासनाच आहे. त्यांच्या मनात श्रद्धा होती. वादात मात्र त्यांनी तिची सवलत मागितली नाही. विरोधकांचे आक्षेप मांडून एकेकाला उत्तर दिलं. श्रद्धा आणि तर्क दोघांचाही मान राखायची ही रीत मला फार मोलाची वाटते.

म्हणून पुढच्या वेळी असा वाद निघाला तर आधी स्वतःलाच विचारावं : मी आत्ता जे म्हणतोय ते सर्वांना मान्य आहे, माझ्याच पंथाला मान्य आहे, की वादापुरतं धरलंय? माझ्याच पंथाचं असेल तर ते आपल्या मनात निःशंक असावं, पण समोरच्याला कारण द्यावं. समोरच्यानंही त्या कारणाला उत्तर द्यावं, माणसाच्या श्रद्धेला नव्हे.