घरगुती कचरा : झाडणे आणि घटविणे

सार्वजनिक स्वच्छता आणि कचऱ्याची घट या दोन गोष्टी व्यवहारात एकच मानल्या जातात. वस्तुतः त्या भिन्न होत. झाडल्याने कचऱ्याची जागा बदलते. त्याचे प्रमाण कायम राहते. अमरावती व अकोला या वऱ्हाडी जिल्ह्यांच्या गृहजीवनात हा भेद विशेष स्पष्टपणे दिसून येतो.

जुन्या शेतकरी घरात उरलेल्या प्रत्येक वस्तूचे ठिकाण ठरलेले असे. भाजीची देठे व साली गोठ्यात जात, पऱ्हाटी चुलीत जळे, तिच्या राखेने भांडी घासली जात, शेण व केर उकिरड्यावर कुजून पेरणीपूर्वी शेतात पडे आणि जीर्ण लुगड्या-धोतरांची वाकळ होई. या काटकसरीच्या मुळाशी टंचाई होती हे विसरता कामा नये. शिवाय ही व्यवस्था निर्दोषही नव्हती. घराजवळच्या उकिरड्यावर माश्यांची पैदास होई आणि गावच्या वाटा घाणीने भरलेल्या असत. कचरा अल्प, परंतु स्वच्छताही अल्प, अशी ती स्थिती होती.

संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांचे कार्य या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. त्यांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा. बालपण मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या आजोळच्या गावी गेले. दिवसा गाव झाडावे आणि रात्री कीर्तनातून लोकांना जागे करावे, हा त्यांचा क्रम होता. त्यांच्या हातातील खराटा लोकांच्या स्मरणात राहिला. परंतु ज्या मडक्याच्या खापरावरून त्यांना ‘गाडगे’ हे नाव पडले ते खापर आणि चिंध्या जोडून केलेले त्यांचे वस्त्र यांतील बोध मागे पडला. खराटा स्वच्छता शिकवितो. खापर व चिंध्या कचऱ्याची घट शिकवितात.

आज दोन्ही शहरांतील बहुसंख्य घरांना गोठा, चूल व शेत यांपैकी काहीच उरलेले नाही. वस्तूंची जुनी ठिकाणे गेली आणि प्लास्टिकसारखे न कुजणारे द्रव्य घरात आले. भारतीय शहरांच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास वाटा कुजणाऱ्या पदार्थांचा असतो. तो सुक्या कचऱ्यात मिसळला की रद्दी कागदाचे मोल जाते आणि खतही शुद्ध राहत नाही. ढिगाच्या तळाशी हवा न पोहोचल्यामुळे मिथेन वायू निर्माण होतो, तो वेगळाच. या कारणास्तव केंद्र शासनाच्या २०१६ च्या नियमांनी घरातच वर्गीकरण करणे बंधनकारक केले आणि महाराष्ट्राने २०१८ मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली.

तथापि नियमाचे फळ सवयीवर अवलंबून असते. पहिली सवय खरेदीची : कापडी पिशवी सोबत नेणे आणि शक्य तेथे सुटा माल घेणे. खाऊच्या चकचकीत पुड्यांत प्लास्टिक व धातूचे थर एकत्र चिकटविलेले असल्याने त्यांचा पुनर्वापर फार कठीण असतो. त्या न आणणे हाच त्यांवरील उत्तम उपाय होय. दुसरी सवय माणसे मोजून स्वयंपाक करण्याची. तिसरी, टाकतानाच ओले व सुके वेगळे ठेवण्याची.

चौथी सवय घरच्या खताची. जीवाणूंना नत्राच्या सुमारे २५ ते ३० पट कर्ब आणि निम्म्याहून किंचित अधिक ओलावा लागतो. स्वयंपाकघरातील कचऱ्यात नत्र अधिक असते. म्हणून त्यावर वाळलेल्या पानांचा थर द्यावा लागतो. पावसाळ्यात हा थर वाढवावा. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांकडे जात असता, खताचे पात्र लवकर सुकते, कुजणे थांबते आणि प्रयोग फसला असे समजून कुटुंब तो सोडून देते. पात्र सावलीत ठेवून त्यावर तांदूळ किंवा भाजी धुतलेले पाणी शिंपडल्यास ही अडचण नळाच्या पाण्याशिवाय दूर होते.

नगरव्यवस्थेचे यश सामान्यतः उचललेल्या कचऱ्याच्या वजनावरून मोजले जाते. घटीचे यश मात्र जे उचलावेच लागले नाही त्यावरून मोजावे लागेल. त्यासाठी घराघरांतील बादलीचे नियमित वजन हेच साधे साधन आहे. घरात न झालेले वर्गीकरण शेवटी सफाई कामगाराच्या व कचरावेचकाच्या हातांनी होते. ते ओझे कमी करणे हा या सवयींचा खरा हेतू होय.