कुंडींतील टोमॅटो : पानांवरील ठिपके व खुंटलेली वाढ

अंगणांत, ओटीपाशीं किंवा विहिरीच्या थारोळ्याजवळ दोनचार कुंड्यांत वा तेलाच्या रिकाम्या डब्यांत लावलेलीं टोमॅटोचीं झाडें पुष्कळ शेतकऱ्यांच्या घरीं दृष्टीस पडतात. कोणी तीं घरच्या भाजीकरितां लावतो, कोणी नवीन वाणाची पारख शेतांत उतरण्यापूर्वी पाहावी म्हणून लावतो. महिना दीड महिना झाला म्हणजे खालचीं पानें ठिपकाळतात, शेंडा हातभर उंचीवरच थबकतो, आणि घरांतील प्रत्येकजण आपापला उपाय सुचवूं लागतो. एक म्हणतो पाणी कमी पडलें, दुसरा म्हणतो युरिया टाका, तिसरा फवारणीचा पंप बाहेर काढतो. तिन्ही उपाय एकदम झाले कीं झाड मरतें व दोष बिचाऱ्या वाणावर जातो. आमच्या मतें ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. कुंडींतील चुकीवरून चांगला वाण टाकून दिला जातो. उलटपक्षीं कुंडींतील खरा रोग ओळखला न गेल्यास तो दहा पावलांवरील टोमॅटोच्या किंवा बटाट्याच्या वाफ्यांत शिरतो.

ठिपके व खुंटलेली वाढ हे बहुधा दोन निरनिराळे प्रश्न असतात, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. ठिपक्यांचें उत्तर पानांवर मिळतें. वाढीचें उत्तर मुळांशीं शोधावें लागतें.

पान पाहतांना पहिला प्रश्न हा, कीं ठिपके कोठून आरंभ करतात? सर्वांत खालच्या पानांपासून ते वर चढत असतील तर बहुतकरून ती बुरशी समजावी. पाणी जोरानें ओतलें म्हणजे मातीचे शिंतोडे पानांवर उडतात व त्यांबरोबर बुरशीचे बीजाणूही जातात. तपकिरी डाग, त्यांत तोडलेल्या ओंडक्यावर दिसतात तशीं एकांत एक वलयें, व भोंवतीं पिवळी कड, हें लवकर येणाऱ्या करप्याचें लक्षण. डाग ज्वारीच्या दाण्याहून लहान, मध्यें राखी, कडेस गडद, आणि राखी भागांत भिंगानें पाहिल्यास बारीक काळे कण दिसत असतील, तर ते सेप्टोरियाचे ठिपके होत. वलयें नसलेले, काळपट, ओलसर व फळांवरही खवले उठविणारे ठिपके जीवाणूंचे असतात. हा रोग बियांतूनही येतो, सबब अशा झाडाचें बीं धरूं नये. ढगाळ गार हवेंत मोठे, भिजल्यासारखे डाग एकदम पसरले आणि सकाळीं पानाच्या खालच्या अंगास पांढरी लव दिसली, तर तो उशिरां येणारा करपा होय. १८४५ पासून आयर्लंडांतील बटाट्याचें पीक बुडवून ज्यानें दुष्काळ पाडला तोच हा रोग. येथें विचार करीत बसूं नये. झाड उपटून पिशवींत घालावें व शेतापासून दूर नेऊन पुरावें.

याच्या उलट, दुखणें शेंड्याकडून सुरू झालें तर विषाणूचा संशय घ्यावा. कोंवळीं पानें तांबूस काळवंडून शेंडा वाळतो, तेव्हां रोग फुलकिड्यांनीं आणलेला असतो. पानें आखडून बारीक होतात व झाड झुडपासारखें राहतें, ज्यास आपले लोक बोकड्या म्हणतात, तो पांढऱ्या माशीचा प्रसाद. यांस औषध नाहीं. झाड काढणें हाच उपाय. पानांवर हिरव्यापिवळ्या रंगाची चित्रविचित्र नक्षी उठते तो विषाणु मात्र हातांनींही पसरतो, आणि तो तंबाखूंतही असूं शकतो. विडी ओढून किंवा तंबाखू मळून लागलीच झाडाचे फुटवे काढण्याची ज्यांस संवय आहे त्यांनीं आधीं साबणानें हात धुवावे. चेष्टेनें सांगत नाहीं.

आतां वाढीकडे वळूं. खुंटलेल्या झाडाचें निदान पानें पाहून होत नाहीं. कुंडी आडवी करून, खोड बोटांत धरून, मातीचा गड्डा हलकेच बाहेर काढून पाहावा. मुळें पांढरीं असून कडेनें गुंडाळत गेलीं असतील तर कुंडी लहान पडली. टोमॅटोस निदान १५ लिटर मातीची जागा पाहिजे. मुळें तपकिरी, लिबलिबीत व कुबट वासाचीं असतील तर पाणी जास्त होऊन मुळांस हवा मिळालेली नाहीं. मुळांवर गांठी दिसल्यास सूत्रकृमि समजावे.

पुष्कळ ठिकाणीं खरा अपराधी काळी माती असते. शेतांत जी माती लक्ष्मी, ती कुंडींत वैरीण होते. ओली असतां ती घट्ट बसते व हवा कोंडते; सुकली कीं आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून घातलेलें पाणी त्या फटींतून थेट तळाच्या भोंकावाटे निघून जातें, आणि मधला गड्डा कोरडाच राहतो. मालकास वाटतें रोज पाणी देतों. झाड मात्र तहानेनें खुंटतें. दोन भाग पोयटा, एक भाग चांगलें कुजलेलें शेणखत व एक भाग जाडी वाळू असें मिश्रण घेतल्यास हा उपद्रव टळतो. मचूळ विहिरीच्या पाण्यानें मातीवर पांढरी पुटें चढत असतील तर भोंकें मोकळीं करून भरपूर गोडें पाणी सोडावें, म्हणजे क्षार धुवून जातात. पौषांत थंडीनें पानें खालून जांभळटलीं तर घाबरूं नये. हवा ऊन झाल्यावर झाड बहुधा आपोआप सुधारतें.

या दोन प्रश्नांचा संबंध येतो तो असा. नत्र कमी पडलेल्या, मुळें दुखावलेल्या झाडावर करपा अधिक जोरानें येतो. म्हणून आधीं मूळ सुधारावें, रोगट खालचीं पानें कोरड्या हवेंत खुडावीं, पाणी सकाळीं व बुंध्याशीं द्यावें, मातीवर पालापाचोळ्याचें आच्छादन घालावें. आणि नंतरच औषधाकडे वळावें. १८८५ च्या सुमारास फ्रान्सांत मिलार्दे यांनीं द्राक्षवेलींकरितां प्रसिद्ध केलेलें बोर्डो मिश्रण आजही उपयोगी आहे. एक लिटराकरितां १० ग्रॅम मोरचूद व १० ग्रॅम कळीचा चुना निरनिराळ्या मातीच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यांत अर्ध्या अर्ध्या लिटर पाण्यांत कालवावा, आणि मोरचुदाचें पाणी चुन्याच्या निवळींत ढवळीत ओतावें. लोखंडाचें पातें बुडवून पाहतां त्यावर तांबूस पुट चढल्यास चुना कमी आहे, आणखी घालावा. मिश्रण त्याच दिवशीं वापरावें. त्यानें पडलेला डाग जात नाहीं. निरोगी पानांचें रक्षण मात्र होतें.

झाड गेल्यावर उरलेली माती त्याच कुंडींत पुन्हां टोमॅटो, वांगें, मिरची वा बटाटा यांकरितां वापरूं नये. हीं सर्व एकाच कुळांतलीं. वैशाखांत ती माती ओलसर करून पातळ थरानें पसरावी, पारदर्शक प्लास्टिकच्या कापडाखालीं चार ते सहा आठवडे कडक उन्हांत ठेवावी, व पुढील पावसाळ्यांत तींत मेथी किंवा कोथिंबीर पेरावी.